डायलअपचा स्पीड वाढवून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा, माझ्यासोबत झालेली फसवणूक

ज्यांच्या घरी अजून डायलअपच (म्हणजे फोनच्या लाइनवरून लागणारं नेट) आहे आणि लॅपटॉपवर नेट रडतखडत चालतंय म्हणून कोणाला तरी बोलवायचा विचार चालू आहे त्यांनी आधी हे वाचा. मोठं झालंय पण वाचा, कारण माझे पैसे गेले ते गेलेच, पण त्यात धाकट्या भावाची ॲडमिशन जाता जाता वाचली आणि ती गोष्ट मला अजून पचलेली नाही.

लॅपटॉप विंडोज एक्सपीचा, मॉडेम (फोनच्या लाइनवरून नेट जोडणारा भाग) आतलाच, बाजूच्या भोकात फोनची वायर लावली की झालं. नेट लागलं की खाली घड्याळाजवळ दोन छोट्या स्क्रीनचं चिन्ह येतं, त्यावर माऊस नेला की स्पीड दिसतो, माझ्याकडे कायम २६.४ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) दिसायचा. मॉडेमवर तर ५६के, म्हणजे ५६ केबीपीएस, लिहिलेलं, मग निम्म्याहून कमी का? साधं पान उघडायला दोन मिनिटं, मेलला एखादा फोटो जोडला तर निवांत दुसरं काम करून यावं. ओळखीच्या काकूंनी एक माणूस सुचवला, त्यांचं नेट त्याने "एकदम फास्ट" करून दिलं होतं म्हणे. काकूंचा काही दोष नाही, त्यांना खरंच तसं वाटत होतं.

माणूस आला, बोलायला अगदी गोड. "एवढ्याशा स्पीडवर कसं काम करता ताई तुम्ही?" म्हणाला, रोज कुठल्या कुठल्या साइट लागतात ते विचारलं, आणि तपासतो म्हणून त्या सगळ्या एकेक करून उघडून बघितल्या. मला तेव्हा वाटलं किती मन लावून काम करतोय. मग म्हणाला विंडोज २० टक्के स्पीड स्वतःसाठी दाबून ठेवतं, तो मी मोकळा करतो, आणि कुठलंतरी सेटिंग शून्य केलं. (हे नंतर कळलं, ती जुनी अफवा आहे. एखादा प्रोग्रॅम खास मागणी करेल तेव्हाच तो भाग राखला जातो, नाहीतर सगळा स्पीड सगळ्यांना मोकळाच असतो.) मग त्याने सीडीवरून स्पीड वाढवणारा म्हणून एक बूस्टर प्रोग्रॅम टाकला, त्यात गाडीच्या मीटरसारखा काटा होता, बूस्टर चालू केला की काटा हिरव्यात जायचा. मग कंट्रोल पॅनलमध्ये मॉडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन काहीतरी टाइप केलं, दोनच अक्षरं असतील, आणि पुढे ब्राउजरच्या ऑप्शन्समध्येही काहीतरी केलं. हे करताना स्क्रीन त्याने स्वतःकडे वळवून घेतली होती, मला दिसत नव्हती. तेव्हा मी उठून मागे जाऊन उभी राहायला हवं होतं.

परत नेट जोडलं आणि म्हणाला आता माऊस न्या. नेला तर ११५.२ केबीपीएस! आणि मघाच्याच साइट उघडून दाखवल्या, क्लिक केलं की पान हजर, चित्रांसकट. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं म्हटल्यावर शंका कसली घ्यायची, त्याने जेवढे मागितले तेवढे दिले, नवीन मॉडेम कार्ड सहज आलं असतं एवढे होते. वर बूस्टर दरवर्षी रिन्यू करावा लागेल असंही सांगून गेला.

पुढचे दोन-तीन आठवडे मी खूश होते. एक खटकायचं की मेल पाठवायला पूर्वीएवढाच वेळ लागतोय. फोन केला तर म्हणाला, "पाठवायचा स्पीड वेगळा असतो ताई, तो कोणालाच वाढवता येत नाही." आता यात गंमत बघा, हे अर्धं खरं आहे. ५६केचं जे व्ही.९० स्टँडर्ड आहे, १९९८ मध्ये आलेलं, त्यात ५६ फक्त तुमच्याकडे येणाऱ्या डेटासाठी असतं आणि तुमच्याकडून जाणारा ३३.६ च्या वर जात नाही. अशी माणसं खोट्यात थोडं खरं मिसळतात, त्यामुळेच आपण गप्प बसतो.

मग ॲडमिशनचं झालं. भावाची पहिल्या यादीत निवड झाली नव्हती, दुसरी यादी साइटवर लागणार होती. तो रोज सकाळ-संध्याकाळ पान उघडायचा, पान झटकन उघडायचं, आणि खाली तेच वाक्य, दुसरी यादी लवकरच जाहीर होईल. चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी रात्री त्याच्या मित्राचा फोन, "तू फी भरलीस का रे, उद्या शेवटचा दिवस आहे, नाव आहे तुझं यादीत." भाऊ म्हणतो शक्यच नाही, मी आत्ता बघितलं. मित्राने सांगितलं नेट लावून कंट्रोल दाबून एफ५ दाब. फोन ठेवला, नेट लावलं. दाबलं. जे पान रोज सेकंदात उघडायचं ते वरून खाली रेघारेघांनी भरायला दीड मिनिट लागलं, आणि भरलं तेव्हा त्यात दुसरी यादी होती, चार दिवसांपूर्वीची तारीख घातलेली, आणि भावाचं नाव होतं. तो खुर्चीत तसाच बसून राहिला. दुसऱ्या दिवशी धावपळ करून फी भरली, जागा मिळाली, पण त्या मित्राने फोन केला नसता तर?

म्हणजे चार दिवस आम्ही नेटवरचं पान बघतच नव्हतो, लॅपटॉपमध्ये साठलेलं जुनं पान बघत होतो.

मग मी मावसभावाला फोन केला, तो नेटवर्किंगमध्येच आहे. फोनची लाइन एकच, नेट लावलं की बोलणं बंद, त्यामुळे तो सांगायचा, मी ठेवायचे, बघायचे, लिहून घ्यायचे, परत फोन. असं करत रात्रीचा एक वाजला, पण सगळं उघडं पडलं.

पहिली लबाडी ब्राउजरमधली. इंटरनेट एक्सप्लोररच्या टूल्समध्ये इंटरनेट ऑप्शन्स, तिथे टेम्पररी इंटरनेट फाइल्सच्या सेटिंग्ज. साठवलेल्या पानाची नवी आवृत्ती आहे का हे कधी तपासायचं असा प्रश्न असतो, साधारणपणे तिथे ऑटोमॅटिकली असतं. माझ्याकडे नेव्हर केलेलं होतं. म्हणजे एकदा उघडलेलं पान परत मागितलं की ब्राउजर लाइनवर जातच नाही, डिस्कवरचं काढून दाखवतो. म्हणून तर त्याने आधी माझ्या रोजच्या साइट विचारून उघडून ठेवल्या होत्या! मला ज्यात त्याची मेहनत दिसली ती फसवायची तयारी होती, हे कळलं तेव्हा सगळ्यात जास्त राग आला.

दुसरी लबाडी मॉडेममधली. कंट्रोल पॅनल, फोन अँड मॉडेम ऑप्शन्स, मॉडेम्स, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड. तिथे जास्तीच्या कमांडसाठी एक रिकामा खाना असतो, माझा रिकामा नव्हता, त्यात डब्ल्यू आणि शून्य एवढंच लिहिलेलं होतं. मावसभावाने समजावलं ते असं की इथे दोन वेगवेगळे स्पीड असतात, एक तुमचा मॉडेम फोनच्या लाइनवरून समोरच्या मॉडेमशी बोलतो तो, आणि दुसरा तुमचा लॅपटॉप आपल्याच मॉडेमशी बोलतो तो. दुसरा जवळपास कायम ११५.२ असतो, घरातल्या घरातला आहे तो, त्याचा नेटशी संबंध नाही. बऱ्याच मॉडेमच्या चिपमध्ये डब्ल्यू शून्य म्हणजे जोडणी झाल्यावर हा घरातला आकडा दाखव, आणि डब्ल्यू दोन म्हणजे लाइनवरचा खरा दाखव. (प्रत्येक चिपच्या कमांड सारख्या नसतात, त्यामुळे आपल्या मनाने तिथे काही टाकू नका.) म्हणजे त्याने स्पीडला हातच लावला नव्हता, फक्त दाखवायचा आकडा बदलला. एक मात्र सांगते, कधी कधी मॉडेमचा चुकीचा ड्रायव्हर (तो चालवणारा प्रोग्रॅम) टाकला असेल तरी आपोआप ११५.२ दिसतं, त्यामुळे तो आकडा दिसला म्हणजे फसवलंच असं नाही, पण तुमचा नेटचा स्पीड तेवढा आहे असंही अजिबात नाही. डायलअपला ११५ लाइनवर मिळतच नाही.

खाना रिकामा केला, परत नेट जोडलं, डायग्नॉस्टिक्समध्ये व्ह्यू लॉग आहे तिथे मॉडेमची नोंदवही उघडते, त्यात शेवटची जोडणी शोधली. कनेक्ट २६४००. जिथे होतं तिथेच. बूस्टर काढून टाकला, काही फरक नाही. खरे ॲक्सिलरेटर असतात हे खरं, ते मधल्या सर्व्हरवर मजकूर दाबून, म्हणजे आकाराने लहान करून, आणि चित्रांची क्वालिटी उतरवून पाठवतात त्यामुळे पान लवकर येतं, पण माझ्याकडचा फक्त काटा हलवत होता.

खात्री करायची असेल तर पूर्वी कधी न उतरवलेली झिप फाइल घ्या, साधारण १ एमबीची, आणि घड्याळ लावा. झिपच का, तर ती आधीच दाबलेली असते, मॉडेमला तिला आणखी दाबून स्पीड फुगवता येत नाही, आणि नवी असल्यामुळे डिस्कवरून येऊ शकत नाही. केबीपीएस म्हणजे सेकंदाला किलोबिट, त्याला ८ ने भागलं की किलोबाइट. २६.४ ला भागून ३.३ येतात, प्रत्यक्षात ३ धरा, १ एमबीला साडेपाच मिनिटं. खरंच ११५ असता तर दीड मिनिटाच्या आत यायला हवी. माझी यायला पावणेसहा मिनिटं लागली.

आणि खरा बिघाड? २६४०० हा आकडा बघूनच मावसभाऊ म्हणाला हा जुन्या व्ही.३४ चा (५६केच्या आधीच्या स्टँडर्डचा) आकडा आहे, त्याचे स्पीड २४०० च्या पटीत असतात, म्हणजे तुझी ५६के वाली जोडणी होतच नाहीये, लाइन खराब आहे. घरातले बाकी सगळे फोन काढ, स्प्लिटर (एका लाइनचे दोन फाटे करणारी डबी) काढ, आणि लाइन घरात येते त्या पहिल्या डबीला लॅपटॉप थेट लाव. फोन उचलून एक आकडा दाबून शांततेत ऐकायला सांगितलं, खरखर चालूच होती. वरच्या खोलीत जोडफोन होता, त्याची वायर शोधत गेले तर कपाटामागे तिला जोड दिलेला, तारा नुसत्या पीळ देऊन टेप गुंडाळलेला. टेप सोडला तर चिकट काळा गोंद हाताला लागला आणि आत तांबं हिरवं पडलेलं, एक तार तर जेमतेम दोन काड्यांवर टेकलेली. तो जोडफोनच काढून टाकला, स्प्लिटर काढला, नवी आखूड वायर लावली. लॉग उघडला, कनेक्ट ४५३३३. चार्जर काढून बॅटरीवर पण लावून बघितलं, काही जणांना चार्जरमुळे गडबड होते म्हणे, माझ्याकडे फरक पडला नाही. ५६ पूर्ण कोणालाच मिळत नाही, ४५ म्हणजे चांगलीच लाइन. खर्च एका वायरचा.

त्या माणसाला फोन केला. आधी म्हणाला "कंप्युटरवर ११५ दिसतंय ना मग?" मी डब्ल्यू शून्यचं नाव काढल्यावर आवाज बदलला, म्हणे लाइनचा प्रॉब्लेम माझ्याकडे येत नाही. पैसे मागितले तर बूस्टरची सीडी उघडलीय आता परत होत नाही, आणि फोन ठेवला. नंतर उचललाच नाही.

कोणी आलं तर काम सुरू करायच्या आधी लॉगमधली कनेक्टची ओळ कागदावर लिहून घ्या, एका झिपचा वेळ घ्या, काम झाल्यावर दुसऱ्या नव्या झिपचा घ्या, मग पैशाचं बोला. स्क्रीन तुमच्याकडेच राहू दे. आणि तारखेचं काही बघत असाल तर कंट्रोल एफ५ दाबूनच बघा.

परवा काकूंकडे गेले होते. त्यांच्या लॅपटॉपवर माऊस नेला, ११५.२. मॉडेमचं ॲडव्हान्स्ड उघडलं तर त्या खान्यात तीच दोन अक्षरं. काकू बूस्टरचे दुसऱ्या वर्षाचे पैसे देऊन बसल्या होत्या, मुलीच्या नोकरीची साइट त्या रोज याच लॅपटॉपवर बघतात. मी त्यांच्यासमोर कंट्रोल एफ५ दाबलं आणि दोघी पान भरायची वाट बघत बसलो.