आधीचा व्हिडिओ, नंतरचा व्हिडिओ

पहिल्या व्हिडिओत माझा मुलगा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर कठडा धरून अडकलेला दिसतो. चेहरा लाल, एक पाय वर, दुसरा जागचा हलत नाही. दुसऱ्या व्हिडिओत तोच मुलगा तोच जिना धडाधड चढून जातो आणि वरून हात हलवतो. मध्ये काळ्या पडद्यावर अक्षरं येतात: ‘सहा आठवड्यांनंतर’. दोन्ही व्हिडिओ अस्सल आहेत, कुठे काही जोडलेलं नाही. आम्ही फसलो ते कॅमेरा सुरू व्हायच्या आधीच्या अर्ध्या तासात.

हे कसं जमतं ते कळायला त्याचा आजार थोडा समजून घ्यावा लागेल. मायोटोनिया कन्जेनिटा हे त्याचं नाव. जन्मजात असतो. स्नायू आखडतो तेव्हा ठीक आखडतो, पण सैल पडायला वेळ घेतो. मुलगा मूठ वळतो आणि ती पटकन उघडत नाही. जोराची शिंक आली की मिटलेले डोळे काही क्षण मिटलेलेच. बराच वेळ बसून एकदम उठला की पाय लाकडाचे होतात, कधी कधी तोल जाऊन सरळ पडतो. आणि पाच-सहा पावलं रेटून टाकली की काहीच झालं नसल्यासारखा चालायला लागतो. दमलेला स्नायू कुरकुरतो हे कुणालाही पटतं. इथे उलटं आहे, विश्रांती घेतलेला स्नायू कुरकुरतो आणि वापरलेला मोकळा होतो. त्यात अंगापिंडानं पोरगं दणकट, पोटऱ्या पैलवानाच्या. म्हणून खेळाचे सर त्याला ‘नाटकी’ म्हणायचे. खरं सांगायचं तर नऊ वर्षांचा होईपर्यंत आम्हीही मनातल्या मनात तेच म्हणत होतो.

(युलियस थॉमसेन या डॉक्टरनं १८७६ मध्ये हा आजार पहिल्यांदा नीट लिहून काढला. आजार त्याला स्वतःला होता, घराण्यात होता, आणि लिहायचं एक कारण म्हणजे सैन्यातली नोकरी टाळायला सोंग करतोय असा आळ त्याच्या मुलावर आला होता. हे वाचलं त्या दिवशी मला रडू आलं.)

पहिल्या न्यूरॉलॉजिस्टनी ईएमजी केली, म्हणजे स्नायूत बारीक सुई घालून त्याची वीज ऐकली. मशीनमधून विमान सूर मारून खाली येतंय असा आवाज आला. ‘मायोटोनिया आहे, जन्मजात दिसतोय, जीवाला धोका नाही, फार काही करण्यासारखंही नाही,’ एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. निदान बरोबर होतं. पण आमच्या मनात चाळीस प्रश्न आणि हातात एक चिठ्ठी, अशा अवस्थेत आम्ही बाहेर आलो. त्या रात्री मी फोनवर शोधायला बसले, आणि फसवणुकीची सुरुवात मी तिथे धरते. जाहिरात मागाहून आली.

एका ठिकाणी नाव-नंबर भरला आणि सकाळी फोन आला. आवाज अतिशय मऊ. ‘ताई, आता तुम्ही एकट्या नाही. सरांनी याच आजाराच्या चारशे केसेस बऱ्या केल्यात.’ चारशे ऐकून मला हायसं वाटलं. तेव्हा साधं गणित केलं असतं तर? हा आजार जगात साधारण लाखात एकाला होतो. चारशे रुग्ण म्हणजे चार कोटी लोकवस्तीतला एकूण एक रुग्ण या एकाच दवाखान्यात यायला हवा. दुर्मिळ आजाराच्या बाबतीत ‘आमच्याकडे शेकड्यानं येतात’ हे वाक्य दिलासा देणारं नाही, संशय घ्यायला लावणारं आहे.

‘आधी दुसऱ्या पालकांशी बोलून घ्या’ असं तिनंच सुचवलं आणि एका आईचा नंबर दिला. मी फोन केला. त्या बाई म्हणाल्या, हो, फरक आहे, चालणं सुधारलंय. मग मी पुढचं काही विचारलंच नाही. त्यांच्या मुलाला नेमका कोणता आजार होता, हेसुद्धा नाही.

त्या दवाखान्यातले डॉक्टर आमच्याशी दीड तास बोलले. हे मुद्दाम लिहितेय, कारण लोक विचारतात, शिकल्यासवरल्या माणसांनी विश्वास ठेवला कसा? ज्यांना आजार कळला होता त्यांनी आम्हाला चार मिनिटं दिली, आणि याने दीड तास. चहा दिला, मुलाशी क्रिकेटवर बोलला, माझ्या नवऱ्याला ‘दादा’ म्हणाला. भिंतीवर नावापुढे अक्षरांची माळ. त्या दीड तासात त्याने मुलाच्या अंगाला हात लावला नाही, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

गालाच्या आतून कापूस फिरवून ‘जनुकीय चाचणी’ झाली. आठ दिवसांनी गुळगुळीत कागदावर रंगीत चक्र आलं: स्नायूंची क्षमता ३८ टक्के, पुनर्निर्मितीची शक्यता ८२ टक्के. खरा जनुकीय अहवाल मी नंतर पाहिला, तो अगदीच रूक्ष असतो. त्यात जनुकाचं नाव असतं, या आजारात सातव्या गुणसूत्रावरचं सीएलसीएन१. नेमका कुठल्या जागी कुठला बदल, तो एका प्रतीत की दोन्ही प्रतींत, आणि तो रोगकारक मानायचा की अजून अनिश्चित, हे लिहिलेलं असतं. खाली प्रयोगशाळेचं नाव आणि जबाबदार माणसाची सही. टक्क्यांचं चक्र नसतं.

उपचार म्हणजे स्टेम सेलची, म्हणजे नव्या पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशींची इंजेक्शनं, सहा आठवड्यांचा पहिला टप्पा. पैसे आगाऊ. घरासाठी बाजूला ठेवलेले गेले. सह्या घ्यायला आठ पानं होती, सहाव्या पानावर ‘शैक्षणिक हेतूने चित्रण’ आणि ‘इतर पालकांना संपर्क’ यांना परवानगी होती. मी न वाचता सही केली.

वेटिंगमध्ये दर खेपेला तीच चार-पाच कुटुंबं भेटायची. एका मुलाला डुशेन डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू झिजवणारा आजार), एक ऑटिझमची मुलगी, एका तरुणाच्या मणक्याला अपघातात मार बसलेला. सगळ्यांना त्याच पांढऱ्या झाकणाच्या बाटलीतून इंजेक्शन. मी ते डोळ्यांनी बघत होते. एकाच किल्लीने पाच कुलपं उघडत नाहीत, इतकंही त्या वेळी सुचलं नाही. आमच्या मुलाच्या आजारात तर स्नायू मरतही नाहीत. प्रत्येक स्नायुतंतूच्या आवरणात क्लोराइड आत-बाहेर सोडणाऱ्या छोट्या वाटा असतात, त्या नीट चालत नाहीत. त्यामुळे इशारा एकदा येऊन गेला तरी स्नायू पुन्हा पुन्हा स्वतःलाच इशारा देत राहतो. पेशी कमी पडलेल्याच नाहीत, मग नव्या पेशी कशाची भर घालणार? हा प्रश्न मी त्या डॉक्टरला विचारला नाही, कारण तो विचारण्याइतकं मला माहीत नव्हतं.

सहाव्या आठवड्याला दुसरा व्हिडिओ झाला आणि मी खरोखर टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. त्याच आठवड्यात एका अनोळखी बाईचा फोन आला, ‘तुमचा नंबर क्लिनिकमधून मिळाला, फरक आहे का हो?’ मी म्हटलं, ‘हो, आहे.’

रात्री मुलगा अंथरुणात म्हणाला, ‘आई, त्या काकांनी आज मला आधी दहा वेळा जिना चढायला लावला. मग कॅमेरा लावला.’

मी म्हटलं, ‘आणि पहिल्या वेळी?’

‘तेव्हा बसवून ठेवलेलं. अर्धा तास, हलायचं नाही म्हणाले. मग एकदम म्हणाले, पळ.’ थोडं थांबून तो म्हणाला, ‘दहा वेळा चढलो की मी घरीपण पळतो ना.’

सकाळी आमच्याच जिन्यावर आम्ही ते करून बघितलं. अर्धा तास खुर्चीत बसवला, मग उठवला: तिसऱ्या पायरीवर अडकला, कठडा धरून, हुबेहूब पहिला व्हिडिओ. मग हळूहळू आठ-दहा फेऱ्या, आणि मग धडाधड वर. हुबेहूब दुसरा. डॉक्टरांच्या भाषेत याला ‘वॉर्म-अप’ म्हणतात, हे या आजाराचं मुख्य लक्षणच आहे. त्या माणसाला आजार बरा करता येत नव्हता, पण तो वापरता चांगला येत होता.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा मऊ आवाजाची ती मुलगी ‘सर परिषदेला गेलेत’ म्हणाली, आणि आठ पानांमधलं चौथं पान पुढे केलं. डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या परिषदेच्या यादीत मी त्याचं नाव शोधलं. होतं. फक्त मूळ वैद्यकीय पदवीसह, न्यूरॉलॉजीचा पत्ता नाही. हे बघायला मला सात मिनिटं लागली. तक्रार दिली आहे, तिचं काय होतं ते बघू.

खऱ्या तज्ज्ञापर्यंत आम्ही कसे पोचलो ते साधं आहे. पहिल्याच न्यूरॉलॉजिस्टकडे परत गेले आणि हट्टानं विचारलं, ‘तुमच्या स्वतःच्या मुलाला हे असतं तर कुणाकडे नेलं असतं?’ त्यांनी शिकवणाऱ्या एका मोठ्या रुग्णालयातल्या स्नायू-मज्जातंतू विभागाचं नाव दिलं. तीन महिने थांबावं लागलं. न्यूरॉलॉजिस्टमध्येही मेंदूचे वेगळे, स्नायूंचे वेगळे असतात, हे तेव्हा कळलं; शोधताना ‘न्यूरोमस्क्युलर’ हा शब्द धरून शोधा. फ्रान्समध्ये १९९७ साली सुरू झालेल्या ऑर्फानेटवर दुर्मिळ आजारांची माहिती आणि तज्ज्ञ केंद्रांची यादी असते, तीही उपयोगी पडते.

त्या बाई डॉक्टरांनी खुर्चीत बसायच्या आधीच मुलापुढे हात केला. ‘घट्ट धर. अजून घट्ट. आता सोड.’ त्याची बोटं सुटेनात. त्या घाई न करता हात तसाच ठेवून उभ्या राहिल्या. ‘पुन्हा.’ पाचव्या वेळी हात सहज सुटला. मग छोट्या हातोडीनं अंगठ्याच्या बुडाशी टकटक केलं, अंगठा तळहातावर वळला आणि सावकाश, अगदी सावकाश, परत गेला. दोन मिनिटांत त्यांनी जे पाहिलं ते सहा आठवड्यांत तिकडे कुणी पाहायचा प्रयत्नही केला नव्हता. मग मला आणि नवऱ्याला डोळे गच्च मिटून उघडायला लावले. घरात कुणाला मोतीबिंदू लवकर झाला का, हृदयाचा त्रास आहे का, ते विचारलं, कारण मायोटोनिक डिस्ट्रॉफी हा दुसरा, जास्त गंभीर आजार आधी बाजूला काढावा लागतो. पुढे अहवाल आला: एक बदल माझ्याकडून, एक नवऱ्याकडून. आम्ही दोघेही ठणठणीत.

औषधाबद्दलही त्या सरळ बोलल्या. मेक्सिलेटिन नावाची गोळी आहे, मुळात हृदयाच्या ठोक्यांसाठीची. २०१२ मध्ये ५९ रुग्णांवरच्या चाचणीत या जातीच्या आजारांतला ताठरपणा तिनं कमी झाला. बरं करत नाही, त्रास कमी करते. हृदयाचा आलेख काढल्याशिवाय सुरू करायची नाही, आणि शाळा-खेळ निभतंय तोवर घाई नाही. शेवटी त्यांनी एक कार्ड दिलं, कायम जवळ ठेवायला: भूल देणाऱ्याला आधी सांगायचं, सक्सिनिलकोलिन हे स्नायू सैल करायचं औषध नको, त्यानं जबडा आणि अंग ताठ होऊ शकतं. ते वाचून माझे हात गार पडले. तिकडच्या तिसऱ्या टप्प्यात भूल देऊन पाठीतून डोस द्यायचा बेत होता, आणि भुलेबद्दल आम्हाला कुणी एक अक्षर विचारलं नव्हतं.

अजून एक विचारलं मी त्यांना: स्टेम सेलची खरी चाचणी चालू असती तर? त्या म्हणाल्या, ‘संशोधनाच्या चाचणीत भाग घ्यायला रुग्णाकडून पैसे घ्यायची पद्धत नाही. आणि ती सार्वजनिक नोंदवहीत नोंदलेली असते, नंबर मागा.’

व्हिडिओ अजून आहे. काढा म्हणून तीनदा लिहिलं, सहाव्या पानाचा फोटो उत्तर म्हणून आला. गेल्या आठवड्यात पुन्हा एक अनोळखी फोन. तान्ह्या बाळाची आई होती, मागे रडण्याचा आवाज येत होता. ‘ताई, तुमच्या मुलाचा व्हिडिओ पाहिला. फरक पडला ना हो?’ मी तिला म्हटलं, बाळाला आधी घ्या, मी फोन धरून थांबते, मला वेळ आहे. पाऊण तास बोललो. मग मी वहीत ती पहिली बाई शोधली, जिला मी ‘हो, आहे’ म्हटलं होतं. नंबर बंद येतोय. रोज एकदा लावून बघते.