‘हेपा फिल्टर’ बसवायला आला आणि रॅम घेऊन गेला

चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस या पट्ट्यात ज्यांचा फोटो स्टुडिओ, डीटीपी किंवा ऑनलाइन सेंटर आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. कम्प्युटरच्या पंख्यांना धुळीचे फिल्टर बसवून देतो म्हणत एक जण दुकानोदुकानी फिरतो. तक्रार दिलेली असल्यामुळे त्याचं नाव इथे देत नाही. पद्धत मात्र सविस्तर सांगते, कारण नाव बदलून हाच धंदा दुसरा कोणीही करू शकतो.

मी लग्नाचे अल्बम डिझाइन करते. घरातल्याच एका खोलीत काम चालतं. मशीन २०२२ मध्ये जुळवून घेतलेली : बारावी पिढीचा आय-फाइव्ह, १६ जीबीच्या दोन स्टिक, म्हणजे ३२ जीबी रॅम (काम करताना लागणारी मेमरी). आमच्याकडे धूळ किती, हे इथल्या माणसाला सांगायला नको. २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र, भोवती कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने. सकाळी पुसलेलं टेबल दुपारी बोटाला काळं लागतं. त्यात उन्हाळ्यात डेझर्ट कूलर. कूलरची दमट हवा आणि ही धूळ एकत्र आली की पंख्याच्या पात्यांवर चिकट थर धरतो, तो ब्लोअरने निघत नाही, ब्रशने खरवडावा लागतो. म्हणजे फिल्टर लावावा ही गरज खरीच आहे. तो माणूस नेमका याच गरजेवर जगतो.

आला तो पांढरंशुभ्र फडकं घेऊन. कॅबिनेटच्या मागच्या जाळीवरून फिरवलं आणि काळं झालेलं माझ्यासमोर धरलं. “ताई, कोळशाची धूळ आहे जी ही. बोर्डावर बसली का शॉर्ट झालाच समजा. मी हेपा लावून देतो, धुळीचा कण आत जाणार नाही. दवाखान्यात लावतात तोच.” एका मशीनचे १,८०० रुपये, त्यात वर्षभर सर्व्हिस. बिल मागितलं तर म्हणाला, पावती व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. टाकलीही, नुसता मेसेज, जीएसटी नंबर नाही.

अर्ध्या तासात त्याने पुढच्या दोन पंख्यांवर, वरच्या जाळीवर, मागच्या पंख्यावर आणि खाली एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) तोंडाशी पांढरं कापड दुहेरी पट्टीने चिकटवलं. दिसायला अगदी स्वच्छ.

आता इथे जरा थांबते, कारण फसवणुकीची सगळी कळ त्या कापडात आहे. खरा हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवणारा फिल्टर. तो घड्या घातलेला, जाड आणि दाट असतो आणि त्यातून हवा ओढायला दमदार मोटर लागते. कॅबिनेटचा १२० मिलिमीटरचा साधा पंखा पाण्याच्या एक ते तीन मिलिमीटर उंचीएवढाच दाब तयार करतो. त्याच्या तोंडावर तसला दाट फिल्टर लावला तर पंखा फिरत राहतो, हवा मात्र येत नाही. आणि याने लावलेलं कापड तर हेपाही नव्हतं. पुढे एक तुकडा कापून बघितला : पिशव्यांना वापरतात ते नॉन-वोव्हन कापड, दोन पदरी. धूळ अडवणार बेताची, हवा मात्र भरपूर अडवणार.

दुसरं म्हणजे मागच्या पंख्याला फिल्टर लावायचं कारणच नाही. तो हवा बाहेर फेकतो. पुढून दोन पंखे हवा आत घेत असतील आणि मागून एकच बाहेर टाकत असेल, तर आत किंचित दाब राहतो, फटीफटीतून हवा बाहेरच जाते आणि धूळ फक्त पुढच्या जाळीतून यायचा प्रयत्न करते. तिथे ती अडवली की काम झालं. बाहेर जाणारी हवा कोंडणं म्हणजे आतली उष्णता कोंडणं. ज्याला पंख्यांचं काम कळतं तो हे अजाणतेपणी करणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

एप्रिलमध्ये लग्नसराई ऐन भरात. बाहेर पारा ४५ च्या घरात आणि अल्बम एक्स्पोर्टला लावला की मशीन धाडकन बंद. परत चालू केली की तासाभरात पुन्हा तेच. त्यालाच फोन केला, सर्व्हिस त्याचीच होती ना. आला, बाजूचं झाकण काढलं, हात लावून बघितला आणि मान हलवली. “बोर्ड तापून राहिला ताई. घरी नाही होत हे. केमिकल क्लीनिंग करावं लागते, दुकानात न्यावं लागते.” तिकडे नवरीकडच्यांचे फोनवर फोन. कॅबिनेट त्याच्या गाडीवर गेलं.

दोन दिवसांनी आणून दिलं. २,५०० रुपये वेगळे. मशीन आता बंद पडत नव्हती, कारण मागचं आणि खालचं कापड त्याने गुपचूप काढून टाकलं होतं. म्हणजे दुखणं लावलं त्यानेच, आणि ते काढायचे पैसेही त्यानेच घेतले. इथवरच असतं तर चार हजारांवर पाणी सोडून गप्प बसले असते.

पण मोठी पीएसडी फाइल उघडली की फोटोशॉप अडखळायला लागलं. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून मेमरीच्या पानावर गेले. एकूण ३२ जीबी, बरोबर. खाली मात्र ‘चारपैकी चार स्लॉट वापरात’. स्लॉट म्हणजे बोर्डावरची स्टिक बसवायची खाच. माझ्याकडे दोनच स्टिक होत्या! वेग ३२०० ऐवजी २१३३. मग सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर टाकलं. त्यात एसपीडी नावाचा टॅब आहे, तिथे एकेक स्लॉट निवडला की त्यातल्या स्टिकचा मेक, पार्ट नंबर आणि कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात ती बनली ते दिसतं. मशीन २०२२ ची, आणि स्टिक निघाल्या २०१७ च्या. ८ जीबीच्या चार, तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. ऑफिसांतून भंगारात निघालेल्या मशीनमधला माल. माझ्या १६ जीबीच्या दोन गायब. एआयच्या डेटा सेंटरांमुळे २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव भडकले, तेव्हापासून चांगली रॅम म्हणजे रोकडच. एकूण आकडा तेवढाच ठेवला की गिऱ्हाईक बघत नाही, हा त्याचा हिशोब.

फोन केला तर उत्तर तयार. “बायोस रिसेट केला ना ताई, म्हणून स्पीड कमी दाखवते.” हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त घातक. बायोस म्हणजे बोर्डातला मूळ प्रोग्राम. तो रिसेट झाला तर ३२०० ची रॅम खरंच २१३३ किंवा २४०० वर येऊ शकते. त्यामुळे नुसता वेग कमी दिसला म्हणून कोणावर आळ घेऊ नका. पण बायोस रिसेट केल्याने दोनच्या चार स्टिक होत नाहीत आणि २०२२ ची रॅम २०१७ ची होत नाही. हे बोलल्यावर सूर बदलला. “दुकानात पोराकडून अदलाबदल झाली असेल, बघतो.” त्यानंतर फोन उचलणं बंद.

माझ्या बाजूने दोन गोष्टी होत्या. मशीन घेतली तेव्हाच्या पक्क्या बिलावर दोन्ही स्टिकचे सिरियल नंबर होते, आणि त्याला दिलेले दोन्ही वेळचे पैसे यूपीआयने गेलेले. त्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, सीपीयू-झेडचे स्क्रीनशॉट, सगळं एकत्र करून पोलिसांत अर्ज दिला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. पक्कं बिल नाही म्हणून गप्प बसू नका. पैसे दिल्याचा पुरावा आणि मेसेज हेही चालतात. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. धंद्यासाठी घेतलेली सेवा म्हणून तुम्हाला कोणी परत पाठवू लागला तर सांगा, की स्वतः राबून पोट भरण्यासाठीचा स्वयंरोजगार २०१९ च्या कायद्यात ग्राहकातच मोडतो. मलाही एकाने हेच ऐकवलं होतं.

आता फिल्टरचं. नायलॉनची बारीक जाळी, कडेला चुंबकाची पट्टी, १२० मिलिमीटर मापाची. शंभर-दोनशे रुपयांत मिळते. फक्त पुढच्या पंख्यांवर लावली आहे, आणि एसएमपीएसला कॅबिनेटसोबत आलेली मूळ जाळी परत बसवली. मागचा पंखा उघडा. जाळी काळी दिसली की नळाखाली धरायची, पूर्ण वाळवून परत चिकटवायची. आमच्या हवेत हे उन्हाळ्यात दर आठवड्याला करावं लागतं आणि त्याला कुठलाही माणूस लागत नाही. बारीक धूळ थोडी आत जातेच, ती दिवाळीच्या साफसफाईत ब्रशने निघते. कण न कण अडवतो म्हणणारा माणूस खोटं बोलतो. प्रोसेसरचं तापमान एचडब्ल्यूमॉनिटर या सॉफ्टवेअरवर बघते. पुढची कापडं मी काढली नव्हती तोवर एक्स्पोर्टच्या वेळी ९० च्या वर जायचं, आता त्याच कामाला ७० च्या आसपास राहतं. हवा जाते की नाही हे बघायचं असेल तर अगरबत्ती पेटवून पुढच्या जाळीसमोर धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. सरळ वर जात असेल तर जाळी तुंबलेली आहे किंवा भलतीच दाट आहे.

फिल्टर बसवणं हे तुमच्या डोळ्यांदेखत, तुमच्या टेबलावर होणारं काम आहे, त्यासाठी कॅबिनेट घराबाहेर जायचं कारण नाही. दुसऱ्या कशासाठी न्यावंच लागलं तर झाकण काढून रॅम, एसएसडी (फाइली साठवणारी ड्राइव्ह) आणि ग्राफिक्स कार्डाच्या स्टिकरचे फोटो त्या माणसासमोरच काढा. फोटो काढताना तो कुरकुरला तर त्याला मशीन देऊ नका. परत आल्यावर एसएसडीही तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये ती एकूण किती तास चालली आहे ते दिसतं.

बल्लारपूरच्या एका स्टुडिओवाल्या भाऊंना हे सगळं सांगितलं. त्यांच्याकडेही हाच पांढऱ्या फडक्याचा प्रयोग झालेला, आणि त्यांचंही कॅबिनेट ‘केमिकल क्लीनिंग’ला जाऊन आलेलं. फोनवरच टास्क मॅनेजर उघडायला लावलं : चारपैकी चार. त्यांचा अर्जही आता माझ्या अर्जाला जोडला आहे. तुमच्या मशीनला मागून असं कापड चिकटवलेलं असेल तर आधी ते काढा, मग स्लॉट मोजा, आणि हिशोब जुळला नाही तर दुकान बदलण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवा.