विकत की भाड्याने: बाबांचं गणित आणि मुलीचं

पुण्यात 80 लाखांचा टू बीएचके घ्यायचा, तर बँक साधारण 64 लाख देते. उरलेले 16 खिशातून, वर मुद्रांक शुल्क. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता 55 हजारांच्या पुढे जातो. तसाच फ्लॅट भाड्याने 25 हजारांच्या आसपास मिळू शकतो. म्हणून मुलगी म्हणते, भाड्यानेच राहू आणि हप्त्यातले वाचलेले पैसे गुंतवू.

बाबा म्हणतात, "आम्ही चौदा-पंधरा टक्क्यांनी कर्ज फेडलं, तुम्हाला काय धाड भरली?" व्याजाचं खरं आहे. पण तेव्हा मुद्दल पगाराच्या आवाक्यात होतं आणि नोकरी निवृत्तीपर्यंत टिकायची.

भाड्याची दुखणी वेगळी: अकरा महिन्यांचा करार, दरवर्षीची वाढ, एजंटाची दलाली, भिंतीत खिळा ठोकायलाही मालकाची परवानगी. (एकट्या मुलीला सोसायटीवाले काय काय विचारतात, ते तर सोडाच.) शिवाय वाचलेले तीस हजार दरमहा खरंच एसआयपीत (म्युच्युअल फंडातल्या दरमहाच्या गुंतवणुकीत) गेले, तरच मुलीचं गणित जमतं. हॉटेलिंगमध्ये उडाले, तर बाबाच बरोबर.

माझं मत विचाराल, तर नोकरीपायी चार-पाच वर्षांत बंगळुरू गाठावं लागणार असेल, तर भाडंच बरं. मुलं शाळेत जायला लागली की विकत घ्या, पण हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशात बसत असेल तरच.