जुना पत्रा घेताना: धुळ्यातील एका दुकानाचा अनुभव
धुळ्याबाहेर मुंबई-आग्रा महामार्गालगत मोडीत काढलेल्या गाड्यांचे सुटे भाग विकणारी दुकाने आहेत. त्यांपैकी एका दुकानातून मी धडक बसलेल्या माझ्या २०१२ सालच्या स्विफ्टसाठी बोनेट, डाव्या बाजूचा फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) आणि पुढचा बंपर घेतला. दर आजूबाजूच्या दुकानांइतकेच होते. मात्र नुसते मॉडेलचे नाव सांगणाऱ्याला येथे माल देत नाहीत आणि माझ्या मते याच एका गोष्टीसाठी हे दुकान निवडावे. फोनवर विचारणा केली तेव्हा मालकांनी एवढेच सांगितले, "गाडी लई या भाऊ, मंग सांगस" (गाडी घेऊन या, मग सांगतो). बोनेट दोरीने बांधून अमळनेरहून तिथवर जाणे जिवावर आले होते, परंतु त्यांचा आग्रह रास्त होता.

स्विफ्ट भारतात २००५ साली आली, २०११ मध्ये तिची संपूर्ण बॉडी बदलली आणि २०१८ मध्ये पुन्हा बदलली. २००५ आणि २०११ची गाडी लांबून सारखीच दिसत असल्यामुळे "स्विफ्टचे बोनेट" एवढ्या शब्दांवर व्यवहार करणारा हमखास फसतो. त्यातही २०१४ अखेरीस पुढच्या बंपरची रचना बदलली, म्हणजे एकाच पिढीतील दोन गाड्यांचे बंपरही डोळे झाकून अदलाबदल करण्याजोगे नाहीत. दुकानातील मिस्त्रींनी आधी आरसी बुकवरील उत्पादनाचा महिना पाहिला, मगच माल दाखवला.

त्यानंतरचे काम खरे पाहण्यासारखे होते. जुने बोनेट उतरवून दोन्ही बोनेटे उलटी शेजारी ठेवली, बिजागऱ्यांच्या छिद्रांमधील अंतर आणि तिथून लॉकच्या कडीपर्यंतचे अंतर टेपने मोजून ताडून पाहिले. फेंडरची छिद्रे किंचित लांबट असतात, त्यामुळे तो थोडा मागेपुढे सरकतो. म्हणूनच एकेक बोल्ट आवळत न जाता सगळे बोल्ट सैल ठेवून आधी फेंडरची दाराशी असलेली फट जुळवावी, मग बोनेट फेंडरशी जुळवावे आणि बंपर सर्वांत शेवटी लावावा, असा त्यांचा क्रम होता. घाईने आवळलेला फेंडर दुकानात बरा दिसतो आणि दार पूर्ण उघडताच त्याची कड दाराला घासते. दार पूर्ण उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पत्र्यावर लोहचुंबक फिरवण्याची मुभा त्यांनी विनातक्रार दिली. पुट्टीचा, म्हणजे पोचा बुजवायच्या लेपाचा, जाड थर असेल तिथे चुंबक नीट धरत नाही. माझ्यासाठी काढलेला पहिला फेंडर चाकाच्या कमानीवर असाच निघाला आणि त्यांनी तो मुकाट्याने बाजूला ठेवला. पत्र्याची आतली बाजू पाहणे मात्र बाहेरच्या रंगापेक्षा महत्त्वाचे, कारण ठोकून सरळ केल्याच्या खुणा तिथे लपवता येत नाहीत.

बंपर प्लास्टिकचा असल्याने आपल्याकडच्या उन्हाळ्यात उघड्यावर आडवा पडलेला बंपर वाकतो आणि त्याचे क्लिपांचे कान ठिसूळ होतात. या दुकानात बंपर शेडखाली टांगलेले आहेत, हे मला विशेष आवडले. मागचा बंपर हवा असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी: १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, त्यामुळे नंतरच्या बंपरांना सेन्सरची छिद्रे असतात, ती जुन्या गाडीवर रिकामी राहतात.

उणिवाही आहेत. दारे काच आणि मोटरसह विकतात, पण पॉवर विंडो बॅटरी जोडून दाखवण्याची सोय नाही, आणि व्हेरिएंट वेगळा असेल तर वायरिंगचा कपलर (तारा जोडणारा प्लग) जुळेलच असे नाही. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. ज्या गाडीचा भाग आहे तिचा चेसिस नंबर बिलावर लिहून घेण्यासाठी मला बराच वेळ अडून बसावे लागले. चोरीच्या गाड्यांचे भागही बाजारात येतात, तेव्हा ही टाळाटाळ शोभणारी नाही. रंग मारलेला माल परत घेत नाहीत, ते योग्यच आहे. क्लिपा त्यांच्याकडच्या जुन्या घेऊ नयेत, नव्याच घ्याव्यात.

माझ्या गाडीत बोनेट आणि दाराच्या फटी दोन्हीकडे सारख्या बसल्या. डाव्या हेडलाइटजवळची फट अजून थोडी जास्त आहे, परंतु तो दोष फेंडरचा नसून हेडलाइट ज्या पत्र्यावर बसतो तो धडकेत मागे सरकल्याचा आहे, हे मिस्त्रींनी पैसे घेण्याआधीच दाखवून दिले होते.