सेकंडहॅन्ड पिकअप: टू व्हील घ्यायची की फोर व्हील? दोन्ही चालवून झाल्यावर लिहितोय

मी बोअरच्या मोटरी काढतो आणि सोडतो. जळगाव जिल्ह्यातला चोपडा तालुका, थोडा यावल, कधीमधी शिरपूरकडची गावं. हौद्यात कायम लोखंडी तिपाई, चेनपुली, क्लॅम्प, पान्यांची पेटी, केबलचं बंडल आणि परत येताना जळालेली मोटर. सगळं मिळून तीन-चारशे किलो भरतं. आमची गाडी डांबरावर कमी आणि बांधावर जास्त. मोटर काही शेतकऱ्याची सोय बघून जळत नाही. रात्रपाळीच्या लाइटीत जळते, पहाटे फोन येतो, आणि मे महिन्यात ज्याची केळी उभी आहे तो माणूस ‘उद्या येतो’ हे ऐकून घेत नाही.

सात वर्षं टू व्हील पिकअप चालवली, म्हणजे इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना जातो ती. 2021 पासून फोर व्हील चालवतोय, म्हणजे चारही चाकांना जोर देता येतो ती; 2014 चं मॉडेल, डबल केबिन. दोन्ही सेकंडहॅन्ड घेतल्या. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते कंपनीबद्दल नाहीच. बाजारात बोलेरो कॅम्पर आणि बोलेरो पिकअप बहुतेक टू व्हीलच दिसतात, फोर व्हील शोधावी लागते. झेनॉन आणि स्कॉर्पिओ गेटअवे दोन्ही प्रकारांत आल्या. इसुझू व्ही-क्रॉस 2016 ला आली ती फोर बाय फोरच, म्हणजे फोर व्हीलच, अडीच लिटरची. एका गिऱ्हाइकाची मी दोन दिवस चालवली. बटण फिरवलं की फोर व्हील लागतं, मजा आली. पण सव्वापाच मीटरच्या वर लांब गाडी केळीच्या बागेत वळवताना घाम फुटला, आणि एवढ्या गाडीत तिपाई टाकायला माझं मन होईना.

आता मुद्दा. मी ही फोर व्हील घेतली त्या वेळी धुळ्याच्या एका गाडीबाजारात एकाच वर्षाच्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. टू व्हील तीन लाख ऐंशी हजार, फोर व्हील पावणेपाच. पंच्याण्णव हजार जास्त द्यायचे ते कशासाठी? मला वाटलं, चिखलासाठी. तिथंच चुकलो.

आमच्याकडे जमीन दोन तऱ्हेची. तापीच्या अंगाला काळी, गाळाची, खोल. पाऊस पडला की ती चिखल होत नाही, लोणी होते. वर सातपुड्याच्या पायथ्याला, लासूर, सत्रासेन, वैजापूरकडे मुरूम, दगडगोटे, नाले आणि चढ. मी गाडी घेतली तापीकाठ डोळ्यांसमोर ठेवून.

पहिल्याच पावसाळ्यात गोरगावल्याकडे एका बागेत शिरलो. पोळ्याचा आदला दिवस होता. ठिबकमुळे केळीच्या बागेतला रस्ता एरवीही ओलाच असतो, त्यात रात्री झड लागून गेलेली. मी ऐटीत छोटी दांडी ओढली, फोर व्हील लावलं आणि पन्नासेक फूट गेलो. मग गाडी जागच्या जागी चारही चाकं फिरवत बसली. उतरून पाहिलं तर टायर ओळखू येईनात. काळी माती खाचांमध्ये बसून चारही टायर पाट्यावरच्या वरवंट्यासारखे गुळगुळीत झाले होते. दोन गुळगुळीत टायर फिरले काय आणि चार फिरले काय. उलट चार चाकांनी चार खड्डे केले आणि गाडी पोटावर टेकली.

मळ्याचे नाना काठी टेकत आले, खाली वाकून नीट बघितलं आणि म्हणाले, “दादा, तुन्ही गाडीना चारीबी चाकं फिरतस, पन गाडी जास कोठे?”

मी म्हटलं, “नाना, बैलं जुंपा ना जरा.” नाना एकदम गंभीर झाले. आज खांदेमळण, आज बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, गाडी तुझी राहो नाहीतर कलेक्टरची. गोठ्यात बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळणं चालू होतं आणि मी दोन तास बांधावर बसून ट्रॅक्टरची वाट पाहिली. त्यात पाइप पोहोचवणारा एक पोरगा साधी टू व्हील पिकअप घेऊन त्याच वाटेने आला आणि माझ्या बाजूने निघूनही गेला. त्याच्या मागच्या दोन टायरला ट्रॅक्टरसारख्या उभट, मोठ्या खाचा होत्या आणि हौद्यात पाइपांचा बोजा होता. माझ्याकडे चार चाकांची ताकद आणि रस्त्यावरचे टायर.

त्या दिवसापासून मी सगळ्यांना हेच सांगतो की काळ्या जमिनीसाठी फोर व्हीलच्या मागे लागू नका. मागे दोन चांगले मोठ्या खाचांचे टायर टाका. पिकअप रिकामी असली की मागून हलकी असते, पाटे कडक, त्यामुळे मागचं चाक नुसतं गरगरतं. माझ्या जुन्या टू व्हीलमध्ये मी पावसाळाभर रेतीच्या दोन गोण्या मागच्या ॲक्सलवर ठेवायचो. एक चाक फिरून दुसरं थिजलं तर हँडब्रेक अर्धा ओढून हळू ॲक्सिलरेटर द्यायचा, फिरणाऱ्या चाकाला अडवलं की दुसऱ्याकडे जोर जातो. बागेत शिरण्याआधी टायरची हवा वीसच्या आसपास आणायची आणि डांबरावर चढलं की पंपाने पुन्हा भरायची. एवढं करून सात वर्षांत टू व्हील किती वेळा रुतली याचा हिशोब केला तर मला फोर व्हीलची लाज वाटते.

मग ही गाडी विकली का नाही?

कारण वरचा भाग. सत्रासेनच्या पुढे एका पाड्यावर बोअरची मोटर काढायला गेलो होतो. नाल्यात उतरायचं, गोट्यांतून पलीकडे जायचं आणि समोर अंगावर येणारा चढ. टू व्हीलच्या दिवसांत असा चढ म्हणजे लांबून वेग घ्यायचा, गाडी आपटत न्यायची आणि मध्येच दम तुटला की क्लच अर्धा दाबून धरायचा. केबिनमध्ये जळका वास यायचा. त्या गाडीला सात वर्षांत तीन क्लचप्लेटा टाकल्या, एका वेळचे मजुरीसकट आठ-नऊ हजार. या गाडीत मी नाल्याच्या काठावर थांबलो, न्यूट्रल केलं, छोटी दांडी फोर लोमध्ये (चारही चाकांना जोर देणारा सगळ्यात हळू, ताकदीचा गिअर) टाकली आणि पहिल्या गिअरवर सोडून दिली. ॲक्सिलरेटरला जवळजवळ पाय लावलाच नाही. गाडी एकेका गोट्यावर चाक ठेवत, बकरी चढते तशी चढली. मागच्या तिपाईचा आवाजसुद्धा आला नाही. उतरताना ब्रेक न दाबता इंजिननेच धरून ठेवली. चार वर्षांत क्लचला हात लावलेला नाही.

म्हणजे फोर व्हील मी घेतली चिखलासाठी आणि ती कामाला आली डोंगरात. त्यातही चार चाकांपेक्षा तो लो गिअर जास्त कामाचा. ज्याची वाईट वाट दगडाची आणि चढाची आहे त्याने ते पंच्याण्णव हजार द्यावेत. ज्याची वाईट वाट काळ्या मातीची आहे त्याने त्यातला थोडा पैसा टायरमध्ये घालावा आणि उरलेल्यात दोन वर्षं नवी टू व्हील घ्यावी. दोन वर्षं नवीला खरंच किंमत आहे. मालवाहू पासिंगची गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी असतं, त्यानंतर दरवर्षी.

खर्चाचं थोडक्यात. टू व्हील मला लिटरला चौदा द्यायची, ही बारा देते. चिखलात आणि लोमध्ये विचारू नका. ऑइल बदलायला गेलं की इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं हाऊसिंग (ॲक्सलच्या मधला गोळा) सोडून ट्रान्सफर (पुढच्या-मागच्या चाकांकडे जोर वाटणारी गिअरपेटी) आणि पुढचं हाऊसिंग ही दोन जास्तीची. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले लागतात. मागे नवे आणि पुढे टक्कल हा टू व्हीलवाल्यांचा हिशोब इथं चालत नाही, ट्रान्सफरवर ताण येतो.

एक वेडेपणा मी केला तो तुम्ही करू नका. या गाड्यांना मध्ये डिफरन्शियल नसतं, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी सोय नसते. फोर व्हील लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट (चाकांकडे जोर नेणारे दांडे) एकमेकांना बांधले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर चालतात. मातीत चाक थोडं घसरतं आणि हिशोब मिटतो. डांबरावर ते घसरत नाही, सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि ट्रान्सफरमध्ये साठतो. निमगव्हाणकडून मी दांडी तशीच ठेवून चोपड्यात आलो. स्टिअरिंग जड लागत होतं, मला वाटलं हवा कमी आहे. घराच्या वळणावर टायर कुरकुरले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दांडी ओढतो तर येईचना. एका म्हाताऱ्या मिस्तरींनी फोनवर सांगितलं, “सरळ दहा-पंधरा फूट रिव्हर्स घ्या आणि मग ओढा.” घेतली, पीळ सुटला आणि दांडी खट्कन आली.

आता घेताना काय बघायचं ते जरा सविस्तर सांगतो, कारण सेकंडहॅन्ड फोर व्हीलमध्ये फसवणूक इथंच होते.

ही गाडी घेण्याआधी मी दुसरी एक जवळजवळ घेतली होती. दुसऱ्या जिल्ह्यातला विकणारा, त्याचं नाव-गाव सोडा. पॉलिश केलेली, दांडी गुळगुळीत पडत होती, ‘फोर बाय फोर’ अशी मागे चकचकीत पट्टी. बयाणा द्यायला खिशात हात घातला आणि काय वाटलं कुणास ठाऊक, गोणपाट टाकून गाडीखाली झोपलो. ट्रान्सफरमधून मागे जाणारा शाफ्ट होता. पुढे जाणारा नव्हताच! पुढच्या फ्लँजवर गंज आणि कोळ्याचं जाळं. विचारलं तर म्हणाला, “ॲव्हरेजसाठी काढून ठेवलाय दादा, घरी आहे.” म्हटलं चला घरी. घरी गेलो, चहा झाला, शाफ्ट काही निघाला नाही. म्हणजे फोर व्हीलची किंमत देऊन मी टू व्हील घरी आणली असती, वर पुढच्या हाऊसिंगचं वजन फुकट ओढलं असतं.

म्हणून आधी खाली झोपायचंच. पुढचा शाफ्ट आहे का, त्याच्या क्रॉसमध्ये (शाफ्टच्या सांध्यात) हाताने हलवून ढिलेपणा लागतो का, पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांना ग्रीस किंवा तेल गळतंय का. ट्रान्सफरचा बोल्ट खोलून बोटाला ऑइल लावून बघायचं. चहासारखं दुधट दिसलं तर आत पाणी गेलंय, गाडी नाल्यात बुडलेली आहे.

मग जॅक. मागच्या चाकांना दगड लावायचे, हँडब्रेक ओढायचा आणि पुढचं एकच चाक उचलायचं. टू व्हीलमध्ये ते हाताने फिरलं पाहिजे. आता दांडी फोर व्हीलमध्ये टाकायची आणि पुढच्या चाकाच्या हबला (मधल्या भागाला) हाताने लॉक असेल तर तो लावायचा. चाक आता हाताने फिरता कामा नये. फिरलं तर हब किंवा ट्रान्सफर धरत नाही. काही गाड्यांचा ऑटोमॅटिक हब चार पावलं चालल्याशिवाय धरत नाही, तेव्हा आधी कच्च्यावर थोडी पुढेमागे करून मग उचलायची. पाच मिनिटांचं काम आहे. पण बाजारात जॅक मागितला की विकणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

शेवटी कच्च्या रस्त्यावर फोर हायमध्ये (फोर व्हीलचा नेहमीच्या वेगाचा गिअर) सरळ चालवायची, मग थांबून लोमध्ये. खटखट आवाज किंवा दांडी आपोआप बाहेर येणं दिसलं तर उठून यायचं. पहिल्या मालकाने वर्षानुवर्षं फोर व्हील लावलंच नसेल तर ते आतून आखडतं. मी स्वतः महिन्यातून एकदा रत्नावतीच्या कोरड्या पात्रात गाडी घालून पाच मिनिटं सगळे गिअर टाकून घेतो. बायको म्हणते, देवदर्शनाला एवढ्या नेमाने जात नाहीस.

कागदांचं सगळ्यांना माहीत आहे, तरी एक. आम्ही हद्दीवरचे लोक, मध्य प्रदेशातली गाडी स्वस्त दिसते. तिकडची एनओसी, इकडचा टॅक्स आणि पुन्हा पासिंग धरून मगच स्वस्त म्हणा. आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

भाचा सध्या मागे लागलाय. त्याला सावद्याकडे केळीचे घड वाहायचेत, सगळी वाट काळ्या जमिनीतून आणि मग बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता. त्याचं मन फोर व्हीलवर आहे, कारण मामाकडे आहे. त्याला टू व्हील आणि मागचे टायर असं सांगितलंय. ऐकत नाही. रविवारी रावेरला एक गाडी बघायला चाललाय. म्हटलं जा, पण जाताना माझ्या गाडीतला जॅक आणि गोणपाट घेऊन जा.