माय अ‍ॅड सेंटर: बटण बंद केल्यावर नेमकं काय बंद होतं?

गूगलने ऑक्टोबर २०२२ मध्ये आणलेलं ‘माय अ‍ॅड सेंटर’ फुकट आहे, सोपं आहे आणि एकदा तरी उघडून बघावंच. अपेक्षा मात्र बेताच्या ठेवा. कशाच्या आधारे जाहिरात दाखवायची एवढंच ते तुम्हाला ठरवू देतं. माहिती गोळा होणं त्याने थांबत नाही.

सर्च किंवा यूट्यूबवरच्या जाहिरातीशेजारच्या तीन टिंबांतून ते उघडतं. वरचं ‘पर्सनलाइज्ड अ‍ॅड्स’ बंद केलं तरी जाहिराती येतच राहतात, पण पान कशाचं आहे, साधारण ठिकाण आणि वेळ कोणती, यावरून. घोडबंदर रोडचा टू बीएचके मुंबईकराची पाठ सोडत नाही तो नाहीच. काल तुम्ही होम लोनचे दर शोधले म्हणून तो आलेला नसतो, इतकंच.

खरा ऐवज ‘मॅनेज प्रायव्हसी’त आहे. शिक्षण, वैवाहिक स्थिती, घर स्वतःचं की भाड्याचं, याबद्दल गूगलने बांधलेले अंदाज तिथे दिसतात आणि एकेक करून बंद करता येतात. एकच अकाउंट घरातले सगळे वापरत असतील तर हे अंदाज वाचून करमणूक होते. दारू, जुगार, डेटिंग, वजन घटवणं, गरोदरपण अशा विषयांसाठीही सोय आहे, पण ती ‘कमी दाखवा’ अशी. अजिबात नको म्हणायची सोय नाही.

बरेच जण फसतात ते इथे: हे सेटिंग अकाउंटपुरतं असतं. फोनमध्ये दोन जीमेल असतील तर दोन्हीकडे बदलावं लागतं, आणि हॉलमधल्या टीव्हीवर बाबांचं अकाउंट असेल तर तिकडेही.

शिवाय अँड्रॉइड फोनचा जाहिरात आयडी वेगळाच. वेगवेगळी अ‍ॅप्स तुम्हाला ‘तोच माणूस’ म्हणून ओळखतात ती बरीचशी यावरून. सेटिंग्ज, गूगल, अ‍ॅड्स, मग ‘डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी’. काही फोनमध्ये हे प्रायव्हसीच्या आत दडलेलं असतं, तेव्हा सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘अ‍ॅड्स’ टाका. त्यानंतर आयडी मागणाऱ्या अ‍ॅपला नुसती शून्यं मिळतात. ‘रिसेट’वर समाधान मानू नका, त्याने फक्त नवा आयडी तयार होतो.

‘आम्ही फक्त एकत्रित आकडेवारी देतो’ हे जाहिरात कंपन्यांचं वाक्य खोटं नसतं, अर्धं असतं. रानडे रोडवरच्या दुकानाने जाहिरात दिली तर ती पाहून किती जण दुकानात आले याचा अंदाजी आकडा त्याला मिळू शकतो, नावं मिळत नाहीत. पण तो आकडा काढायला कोणाचा फोन कुठे होता हे गूगलला आधी कळावं लागतं. हिशेब एकत्रित, कच्चा माल तुमचा. आणि गट लहान असला की एकत्रित आकडाही उघडा पडतो: एका इमारतीतल्या तिघांची ‘सरासरी’ सोसायटीत कोणालाही ओळखता येईल.

या कुठल्याच बटणाने न अडणारी गोष्ट म्हणजे बिलिंग काउंटरवर दिलेला मोबाईल नंबर. दुकानं ग्राहकांच्या नंबरांची यादी हॅश करून, म्हणजे ठरलेल्या सूत्राने प्रत्येक नंबराचं सांकेतिक रूप करून, जाहिरात कंपनीकडे चढवतात, आणि तिथे ती अकाउंटशी जुळवली जाते. पर्सनलायझेशन बंद असेल तर गूगलवर त्या यादीवरून जाहिरात येणार नाही, पण यादी दुकानाकडे राहतेच आणि इतर कंपन्यांकडेही जाऊ शकते. हॅश केलं म्हणजे निनावी झालं असंही नाही. ६ ते ९ ने सुरू होणारे दहा आकडी नंबर जास्तीत जास्त ४०० कोटी. तेवढे सगळे हॅश करून ताडून बघायला साध्या कॉम्प्युटरलाही फार वेळ लागत नाही.

तेव्हा मॉलमध्ये ‘नंबर द्यायचा नाही’ म्हणा. सिस्टीम पुढे जात नाही असं उत्तर आलं तर मे २०२३ मधली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाची सूचना दाखवा: नंबरसाठी ग्राहकाची अडवणूक करू नये, असं दुकानदारांना त्यात बजावलं आहे. पॉइंट्सवर मात्र पाणी सोडावं लागेल.