बिलॉक्सी की मिस्टी: ब्लूबेरीचं रोप घेण्याआधी

सातारा-सांगलीकडे घरच्या बागेसाठी ब्लूबेरीचा विचार करणाऱ्यापुढे खरी निवड दोनच जातींत असते, बिलॉक्सी आणि मिस्टी. नर्सरीवाल्याने ब्लूक्रॉप किंवा ड्यूक पुढे केली तर नम्रपणे नको म्हणावं. त्या थंड मुलखातल्या जाती. हिवाळ्यात ७ अंशांखालचे ८०० च्या आसपास तास मिळाले तर त्या नीट फुलतात. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याचे फोटो दरवर्षी पेपरात येतात खरे, पण तशा रात्री बोटांवर मोजण्याइतक्या. सांगलीत तर विषयच नाही. बिलॉक्सी-मिस्टीचं १५० ते ३०० तासांत भागतं आणि तेवढेही मिळाले नाहीत तरी पानं न गाळता त्या फळतात. पेरू देशाच्या वाळवंटी किनाऱ्यावर ब्लूबेरीच्या बागा उभ्या राहिल्या त्या सुरुवातीला मुख्यतः बिलॉक्सीवरच.

नुसतं फळ पाहिलं तर मिस्टी उजवी. दाणा जरा मोठा, रंग फिकट निळा, वर द्राक्षावर असते तशी पांढुरकी झाक. झुडूपही आटोपशीर. चवीत मला फार फरक वाटत नाही. चांगली पिकू दिली तर दोन्ही गोड.

अडतं ते कळ्यांवर. पावसाळ्यानंतर दिवस लहान झाले की मिस्टी कळ्या धरायला लागते आणि मग तिला थांबायचं कळत नाही. काडीच्या टोकापासून निम्म्यापर्यंत फुलंच फुलं, पान मात्र एखाददुसरं. दिसायला सुरेख, पण फळ पोसणार कोण? काडीत आणि मुळांत साठवलेलं अन्न त्यात खर्च होतं, दाणे बारीक आणि आंबट राहतात. पुढे मार्चच्या उन्हात उघड्या काड्या भाजतात. अशा दमलेल्या झाडात मर शिरते: एखादी काडी एका बाजूने तपकिरी होते आणि बुडापर्यंत वाळत जाते.

उपाय आहे, पण किचकट. टोकाकडचा टपोरा, गोल डोळा फुलाचा. खालचा बारीक, टोकदार डोळा पानाचा. काडेपेटीतल्या काडीएवढ्या फांदीवरचे फुलांचे सगळे डोळे खुडायचे, पेन्सिलीएवढ्या जाड काडीवर चार-पाच ठेवायचे. एका डोळ्यातून पाच ते दहा फुलं येतात, म्हणजे उरलेले पुरेसे असतात. सगळे डोळे एकदम फुगत नाहीत, त्यामुळे नोव्हेंबर ते जानेवारी हे काम दोन-तीनदा करावं लागतं. तासगावकडच्या माणसाला हे द्राक्षाच्या विरळणीसारखं वाटेल. फरक इतकाच की इथे मजूर आपणच. द्राक्षाचे डोळे फोडायला लावतात ते हायड्रोजन सायनामाइड परदेशात ब्लूबेरीवरही पानं लवकर फुटावीत म्हणून फवारतात. ते जहाल रसायन आहे. गच्चीवरच्या दोन झुडपांसाठी घरात आणू नये.

बिलॉक्सीत पान आणि फूल बरोबरीने चालतं. पहिल्या वर्षी तिचीही सगळी फुलं काढायचीच, पण नंतर बारीक काड्या साफ केल्या की झालं. माझा कौल इथेच फिरला. तिचेही दोष आहेत. दाणा लहान. फळ एकदम न येता थोडं थोडं पिकत राहतं. विकणाऱ्याला ते अडचणीचं, घरात रोज मूठभर हवं असेल तर उलट सोयीचं. ती सरळ उंच जाते, पुरुषभर सहज, म्हणून तोडा संपल्यावर पावसाआधी वरून तिसरा हिस्सा छाटावी लागते. द्राक्षाच्या खरड छाटणीइतकं निर्दय व्हायची गरज नाही. या छाटणीनंतर येणाऱ्या फुटव्यांवरच पुढच्या हिवाळ्यात फळ धरतं, त्यामुळे ती ऑगस्ट-सप्टेंबरवर ढकलू नये.

जात कोणतीही घ्या, ब्लूबेरीला आम्लधर्मी माती लागते. ती करायला मिरज-तासगावच्या काळ्या रानात खड्डा खणून गंधक टाकायच्या भानगडीत पडू नका. मातीतल्या १ किलो चुनखडीला मारायला ३२० ग्रॅम गंधक लागतं. १०० किलो मातीत ५ टक्के चुनखडी धरली तर १.६ किलो गंधक झालं, आणि आजूबाजूची चुनखडी पाण्याबरोबर परत येतेच. महाबळेश्वर-पाचगणीच्या तांबड्या मातीत उंच गादीवाफा चालतो. बाकी सगळीकडे ४० लिटरची पांढरी पिशवी, खोल असण्यापेक्षा रुंद, कारण मुळं वरच्या थरातच पसरतात. त्यात दोन भाग धुतलेला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग परलाइट (हलके पांढरे सच्छिद्र खडे), एक भाग भाताचं तूस. शेणखत, राख, हाडांचा चुरा नको. नत्रासाठी अमोनियम सल्फेट, तेही चिमटीने.

एवढं करूनही बोअरचं जड, चुनखडीचं पाणी घातलं की काही महिन्यांत कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागतात. लोक लोह घालत बसतात, दोष पाण्याचा असतो. १०० चौरस फूट पत्र्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला की साधारण २३० लिटर पाणी मिळतं, म्हणजे एक पिंप भरतं. तेही संपलं तर १० लिटर बोअरच्या पाण्यात ४ ग्रॅम सायट्रिक ॲसिडपासून सुरुवात करावी आणि सामू (pH) ५.५ च्या आसपास येईपर्यंत सामू मोजायच्या पट्टीवर तपासत जावं.

रोप निवडताना फळ लागलेलं छोटं रोप दिसलं की मोह होतो, तो टाळावा. बुडातून तीन-चार काड्या निघालेलं, दोन वर्षांचं रोप बघा. पिशवी जरा सरकवून मुळं पाहू द्या म्हणावं. पांढरट, केसासारखी हवीत, काळपट नकोत. गठ्ठा काळ्या मातीत बांधलेला असेल तर लावताना ती हलक्या हाताने काढून टाकावी.

एकच झाड लावणार असाल तर, माझ्या मते, बिलॉक्सी. दोन वेगळ्या जाती शेजारी असल्या की दाणे भरतात, म्हणून तीन लावायची असतील तर दोन बिलॉक्सी आणि एक मिस्टी असा मेळ बरा पडतो; एका झाडाच्या कळ्या खुडणं जमून जातं. तिन्ही मिस्टी घ्यायच्या असतील तर नोव्हेंबर ते जानेवारीतले दोन-तीन रविवार राखून ठेवा.